कडेची द्या

कडेची द्या, एवढंच म्हणते मी खिडकीशी,
आणि बुकिंगवरचे सामंत मान वर न करता
तक्त्यावर पेन्सिल फिरवतात. एम एक.
डावा पाय बाहेर ठेवता येईल, असं ते म्हणत नाहीत.
माझा गुडघा त्यांना कधीतरी कळलाय.

गिरगावातलं हे नाट्यगृह बांधलं तेव्हा
माणसं बहुधा सडपातळ होती,
किंवा ज्याने मापं काढली, तो तरी.
सतरा इंच.
मी टेपने मोजलंय एकदा मध्यंतरात,
सगळे वड्याच्या रांगेत असताना.
घरी येऊन स्वतःला मोजलं नाही.

उंची बाबांची, रुंदी आईची.
भांडण न करता दोघांनी मिळून दिलेली
ही एकमेव गोष्ट.
बाबा काळबादेवीच्या एका पेढीवर जमाखर्च लिहायचे,
सहा फूट दोन इंच, वहीवर वाकलेले.
नाटक म्हटलं की शेवटची रांग.
"मागच्याने काय माझी टाळू बघायची?"
त्यामुळे लहानपणी मी पाहिलेले नट
अंगठ्याएवढे होते,
आणि विनोद आमच्यापर्यंत पोचेतो
पुढचे हसून मोकळे झालेले असायचे.

तिसरी घंटा.
दोन खुर्च्यांत हात एकच, लोखंडी, स्क्रूने घट्ट.
शेजारच्या गृहस्थांनी कोपर टेकवून ताबा जाहीर केला.
मी दंड पोटाशी घेतले,
परक्याच्या घरी पर्स धरून बसतात तशी बसले.
गुडघे पुढच्याच्या पाठीला. तो दोनदा वळला.
श्वास घेतला की खुर्ची बोलते,
म्हणून गंभीर प्रसंगात मी बेतानं घेते
आणि हशा आला की साठवलेला सोडते.

दुसऱ्या प्रवेशात एक लठ्ठ मावशी आली.
ती दारात अडकते. एवढंच तिचं काम.
थिएटर कोसळलं.
शेजारचे गृहस्थ हसता हसता माझ्याकडे बघून थांबले.
थांबले नसते तर बरं झालं असतं.

मागून बारीक आवाज:
"आई, मला फक्त काकूंचा अंबाडाच दिसतोय."
आईने त्याला चिमटा काढला असावा.
मी खाली घसरले, जितकं घसरता येतं तितकं,
म्हणजे दीड इंच.

मध्यंतरानंतर जागेवर गेलेच नाही.
मागच्या भिंतीशी उभी राहिले.
तिथे आधीच माणसं होती.
एक सात महिन्यांची पोटुशी, नवऱ्याच्या चपला घालून.
एक लांबुडका पोरगा,
ज्याच्या नडग्यांना कुठल्याच रांगेत थारा नव्हता.
आणि डोअरकीपर सातोसकर,
तीस वर्षं नाटकं उभ्यानं पाहिलेले,
नटाच्या आधी ओठांतल्या ओठांत संवाद म्हणणारे.
का उभे, असं कुणी कुणाला विचारलं नाही.
सातोसकरांनी बॅटरी विझवली, भिंतीकडे बोट केलं:
टेका.

भिंतीवर तेलकट डाग होते, डोक्यांचे.
बरेचसे खाली, एकमेकांत मिसळलेले.
एक वर, एकटा.
मी डोकं टेकलं ते बरोब्बर तिथे.
कुणाचा, कोण जाणे.
बाबा तर बसायचे.
निदान मी सोबत असताना.

रंगमंचावर मावशी दारातून सुटली होती
आणि आता तिचं काय करावं
ते लेखकाला सुचलेलं नव्हतं.
नुसतीच उभी होती चहाचा ट्रे धरून,
तिला वाक्य नव्हतं.
एवढ्या लांबून मला तिची बोटं दिसत होती,
ट्रेवर घट्ट.

पडदा पडला.
एम एकच्या रिकाम्या पाठीवर
हनुवटी टेकून तो मुलगा बसला होता.
मी टाळ्या वाजवल्या, हात पूर्ण उघडून.
कोपर कुणालाच लागलं नाही.